विलीन झालेल्या पक्षाची नगरसेविका

आमच्या पक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आता कुठल्याही मतदान यंत्रावर दिसणार नाही, आणि ज्यांनी ते मिटवलं त्यांना त्याची आठवण काढलेली आवडत नाही.

इंदिरानगरला आमचं मेडिकल आहे. मी आणि नवरा फार्मसीला एका वर्गात होतो. लग्नानंतर दोघांनी मिळून दुकान टाकलं आणि संसार त्याच काउंटरच्या मागे झाला. राजकारणाशी आमचा संबंध पेपर वाचण्यापुरता. एका वर्षी महापालिकेने घरपट्टी आणि दुकानांची पट्टी एकदम वाढवली. व्यापाऱ्यांनी एका मंगल कार्यालयात सभा बोलावली. जायचं नवऱ्याला होतं, पण त्याला ताप होता म्हणून मी गेले.

तिथे एक वकील बोलायला उभे राहिले. करांच्या केसेस चालवायचे, शहरात त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत. आधी बोललेल्यांनी माइक फाटेपर्यंत आरडाओरडा केला होता. यांनी आवाज चढवला नाही.

"आपण कर बुडवणारी माणसं नाही," ते म्हणाले. "आपण भरतो. मग भरलेल्याचं काय केलं हे विचारताना आपली मान खाली का जाते?"

माझ्या शेजारी आमच्या दुकानामागे पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हा माणूस शहाणाय."

त्या सभेतून समिती झाली आणि समितीतून पक्ष. सरकारने पाणी, रस्ते, दिवे, कायदा एवढं चोख करावं आणि बाकी माणसाला त्याच्या धंद्यात मोकळं सोडावं. देवधर्म ज्याचा त्याने घरी पाळावा. फुकट वाटायची भाषा आपण करायची नाही. एवढंच आमचं म्हणणं. मोठ्या पक्षांचा गोंगाट नको आणि लाल झेंड्यांचे मोर्चेही नकोत, अशी माणसं या शहरात पुष्कळ होती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार, सीए, दवाखानेवाले, निवृत्त बँकवाले. त्यांना आपलं कुणीतरी हवं होतं. बैठका वकीलसाहेबांच्या शरणपूर रोडच्या ऑफिसात व्हायच्या. चहा आम्ही आळीपाळीने न्यायचो. हार-तुरे नाहीत, पाया पडणं नाही. मला ते फार आवडायचं. चाळिशी ओलांडल्यावर कुणीतरी पहिल्यांदाच मला विचारत होतं की या विषयावर तुमचं मत काय.

महापालिकेच्या निवडणुकीला माझं नाव त्यांनीच सुचवलं. मी म्हटलं, "साहेब, मला भाषण येत नाही."

"भाषणं येणारे ढीगभर आहेत," ते म्हणाले. "तुमच्या काउंटरवर अख्खा प्रभाग रोज येतो. त्यांच्याशी जसं बोलता तसंच बोला."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो गोळ्यांची स्ट्रिप कापत होता. ती कापून झाल्यावर म्हणाला, "तू लढ. दुकान मी बघतो."

आमच्या भागाचा तेव्हाचा नगरसेवक एका मोठ्या पक्षाचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. कचऱ्याचा ठेका त्याच्या मेहुण्याकडे, फूटपाथचे ब्लॉक बसवायचं काम पुतण्याकडे. चांगले ब्लॉक उखडून पुन्हा तसेच ब्लॉक बसवले जायचे आणि आम्ही वर्षानुवर्षं त्या मातीतून चालायचो. मी लढते आहे म्हटल्यावर आधी त्याने हसण्यावारी नेलं. आम्हाला चिन्ह मिळालं होतं कपाट. त्याची पोरं दुकानासमोरून जाताना ओरडायची, "कपाटात कोंडा रे तिला." मी, मावशी आणि इतर बायका दारोदार फिरलो. लोक दार उघडून आत बोलवायला लागले, पाणी द्यायला लागले, तसं ते हसणं थांबलं.

मग एक अफवा उठली. आमच्या मेडिकलमध्ये मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबलं लावून विकतात, असा मेसेज प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. कुणाचंतरी लहान मूल त्या औषधाने दगावता दगावता वाचलं, असंही त्यात होतं. असं मूल कुठेच नव्हतं. दोन दिवसांत औषध प्रशासनाची माणसं तपासणीला आली. नवरा एकेक खण उघडून दाखवत उभा राहिला. आत काहीच सापडलं नाही, पण बाहेर रस्त्यावर लोक थांबून बघत होते, आणि त्यात असेही होते ज्यांच्या आईवडिलांना त्याने भर पावसात घरी जाऊन इन्सुलिन पोहोचवलं होतं. तपासणीवाले गेल्यावर त्याने सगळे खण पुन्हा लावले. मी म्हटलं, "माघार घेते." तो म्हणाला, "आता घेतलीस तर ते खरं ठरेल."

मी निवडून आले. पक्षाचे थोडेच जण आले, पण सभागृहात कुणालाच बहुमत नव्हतं, त्यामुळे आम्हाला विचारल्याशिवाय काही हलेना. वर्तमानपत्रं आमच्याबद्दल लिहायला लागली. कळवण, सटाण्याहून लोक वकीलसाहेबांना भेटायला यायला लागले. ब्लॉकचा ठेका मी सभागृहात अडवला. उखडलेल्या चांगल्या ब्लॉकचे फोटो दाखवले, आणि तो विषय रद्द झाला. त्या दिवशी वकीलसाहेब गॅलरीत बसले होते. बाहेर येऊन त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "आपण पक्ष काढला तो याच्यासाठी."

ते वाक्य मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं. आज त्याचा मला राग येतो.

पुढे पक्षाने विधानसभेला उमेदवार दिले. वकीलसाहेब स्वतः उभे राहिले आणि दणकून पडले. त्या पराभवानंतर त्यांच्या बोलण्यात 'वास्तव' हा शब्द आला. वास्तव समजून घ्यायला हवं, वास्तवाकडे पाठ फिरवून चालत नाही. बैठका कमी झाल्या. आमची मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आला आणि निवडणूक पुढे पुढे जात राहिली. मी माजी झाले. लोक तरीही दुकानात येऊन गटार तुंबल्याचं सांगायचे, आणि मी प्रशासकाच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून राहायचे. कधी कधी वकीलसाहेबांना फोन लावायचे. ते मुंबईला असायचे.

अखेर निवडणूक जाहीर होणार अशी कुणकुण लागली आणि त्यांचा फोन आला. "रविवारी सकाळी मेळावा आहे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर. तुमच्या सगळ्या बायकांना घेऊन या."

मला वाटलं, प्रचाराची सुरुवात. मावशींनी केंद्राला सुट्टी दिली. आम्ही रिक्षा करून गेलो. लॉन्सच्या कमानीतच एक मुलगी टेबलावर उपरणी घेऊन बसली होती, प्रत्येकाच्या गळ्यात घालत होती. उपरणं भाऊच्या पक्षाचं होतं. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कार्यक्रमाला आलो. मी तिला तसं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "नाही मॅडम, हाच. विलीनीकरणाचा."

तो शब्द मी तिथे, त्या मुलीच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकला.

वकीलसाहेब स्टेजच्या मागे होते. मी सरळ गेले.

"साहेब, हे काय चाललंय?"

"ताई, मी तुम्हाला निवांत सांगणारच होतो. वरून सगळं घाईत ठरलं."

"भाऊ त्या पक्षात आहे."

"आता आपणही आहोत. आत राहून जास्त करता येईल. बाहेरून किती वर्षं ओरडणार?"

"आपण ओरडत कुठे होतो?" मी म्हटलं. कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते स्टेजवर गेले. तिथे त्यांना मोठा हार घातला. त्यांनी तो घालून घेतला. मग एका नेत्याच्या पायाशी वाकले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या पक्षाच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. बहुतेक बघायचं नसावं. ठराव वाचला गेला, हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. माझा झाला नाही, पण तो कुणी मोजतही नव्हतं. पलीकडे जेवणाच्या पंगती लागत होत्या आणि लोकांची तोंडं तिकडे वळली होती.

मावशींच्या गळ्यात उपरणं होतं. मी बघते आहे हे कळल्यावर त्यांनी ते पदराखाली घेतलं, काढलं मात्र नाही. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "माझ्या पोराला कामावर लावतो म्हणलेत. तुम्ही रागावू नका, ताई." मी रागावले नाही. त्यांच्यावर कशाला रागावू? माझा राग दुसरीकडेच जाऊन बसला होता.

तिकिटं जाहीर झाली. आमच्या प्रभागातली बायकांसाठी राखीव जागा भाऊच्या सुनेला मिळाली. वकीलसाहेबांनी कुणाकरवी निरोप पाठवला की ताईंनी मोठ्या मनाने प्रचार करावा, पुढे त्यांचा विचार होईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वतः आमच्या घरी आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, मागे सून. सून बिचारी कोवळी, डोक्यावरून पदर घेऊन उभी.

"वहिनी, जुनं विसरून जा," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "आता आपण एका घरातले. पोरीला तुमच्यासोबत फिरवा, लोक तुम्हाला मानतात."

नवरा आतून चहाचा ट्रे घेऊन आला. माझा नवरा कुणाशी भांडत नाही. गिऱ्हाईक उलटसुलट बोललं तरी तो औषध समजावून सांगत राहतो. त्याने ट्रे हातातच ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या माणसांनी आमच्या दुकानाबद्दल जे पसरवलं होतं ते खोटं होतं. एवढं या खोलीत, आमच्यासमोर बोला. मग चहा घ्या."

भाऊ हसला. "अहो दादा, निवडणुकीत होतं इकडचं तिकडचं. ते काय मनावर घ्यायचं."

"मी घेतलंय," नवरा म्हणाला.

भाऊ माझ्याकडे बघून अजून हसत होता, मी काहीतरी बोलून सावरून घेईन अशा आशेने. नवऱ्याने ट्रे तसाच आत नेला. सून सगळ्यांत आधी उठली. जाताना ती मला नमस्कार करू का नको अशी घुटमळली आणि तशीच गेली. पेढे टेबलावर राहिले. ते आम्ही खालच्या वॉचमनला दिले.

मी अपक्ष अर्ज भरला. जिंकेन असं वाटलं म्हणून नव्हे. घरात बसवत नव्हतं. वकीलसाहेबांचा फोन माघारीच्या दिवशी आला. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकत होते.

"ताई, तुमच्यामुळे वर माझी अडचण होते आहे. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"पक्षाला."

"कुठल्या?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

प्रचाराला आम्ही दोघं आणि बँक मॅनेजर, एवढेच. ज्या दारांतून पूर्वी पाणी मिळायचं तिथे लोक अजूनही प्रेमाने बोलायचे. म्हणायचे, तुम्ही चांगल्या आहात हो, पण तुमचेच वकीलसाहेब परवा भाऊच्या सुनेसाठी येऊन गेले, मग आम्ही काय समजायचं? आम्ही वर्षानुवर्षं कमावलेला जो काही विश्वास होता, तो त्यांनी आपल्या पिशवीत घालून तिकडे नेला होता. त्यात माझाही वाटा होता, हे त्यांना बहुधा सुचलंच नाही.

मी हरले, आणि जवळपासही नव्हते. सून निवडून आली. वकीलसाहेबांना कुठल्याशा समितीचं अध्यक्षपद मिळालं. एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की विलीनीकरणाचा निर्णय तळागाळातल्या प्रत्येक कार्यकर्त्याशी चर्चा करून घेतला होता. मी ती मुलाखत दुकानात उभ्या उभ्या वाचली आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

परवा एका लग्नात ते भेटले. मुंबई नाक्याजवळच्या हॉलमध्ये. बरोबर नव्या पक्षाची दोन-तीन माणसं होती. मला टाळता येण्याइतकी जागा होती, पण ते स्वतः पुढे आले. थोडे जाड झाले आहेत. त्यांनी माझी ओळख करून दिली, "या आमच्या पहिल्या पक्षातल्या. फार तडफेच्या नगरसेविका."

ती माणसं नमस्कार करून जेवणाकडे वळल्यावर मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मला विचारलं नव्हतं. मुलाखतीत प्रत्येकाला विचारलं म्हणालात. मला नव्हतं विचारलं."

तोच जुना, न चढणारा आवाज. "ताई, सगळ्यांना विचारत बसलो असतो तर ते झालंच नसतं."

"हो," मी म्हटलं. "झालं नसतं."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर नीट पाहिलं. पण नवरदेवाचे वडील हात जोडून आले आणि ते त्यांच्याबरोबर स्टेजकडे गेले. नवरा दोन ताटं वाढून घेऊन माझ्यासाठी थांबला होता. काय म्हणाले, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने एक ताट माझ्या हातात दिलं आणि आम्ही बसायला खुर्च्या शोधायला लागलो.