आजोबांच्या नावाचा घडा

गेल्या रविवारी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, तुझ्याकडे पाणी आहे का?" शाळेत तुम्हाला जगातल्या पिण्याच्या पाण्यावर भित्तीपत्रक करायला सांगितलं होतं आणि तुमच्या बाईंनी नकाशावर चेन्नई दाखवली होती. मी "आहे, भरपूर आहे" म्हणाले. तेवढ्यात तुझा धाकटा भाऊ मध्ये येऊन जीभ दाखवून गेला आणि विषय तिथेच राहिला. कोणत्या देशात किती माणसांना चांगलं पाणी मिळत नाही, ते आकडे तुला शाळेत मिळतील. माझ्याकडे आकडे नाहीत. एका घड्याची हकीकत आहे, ती तुम्हा दोघांसाठी लिहिते. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा, पण यातलं सगळं तिलाही माहीत नाही.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तू नुकती चालायला लागली होतीस आणि भाऊ जन्मायचा होता. शेवटचे दिवस ते इस्पितळात होते. मूत्रपिंडं थकली होती, त्यामुळे डॉक्टरांनी पाणी अगदी बेताने द्यायला सांगितलं होतं. पुढे तेही बंद केलं. ओल्या कापसाने ओठ टिपायचे, इतकंच. जन्मभर पेला उंच धरून, ओठ न लावता, घटाघट पाणी पिणारा माणूस माझ्याकडे बघून "पाणी" म्हणायचा आणि मी कापूस ओला करायची. डॉक्टरांचं बरोबर होतं, मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण ते तहानलेले गेले, ही गोष्ट माझ्या मनातून हलेना.

आपल्याकडे अशी रीत आहे की घरातलं माणूस गेलं की पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याच्या नावाने मातीचा घडा पाण्याने भरून दान द्यायचा. पाण्यात वाळा घालायचा, वर एखादा आंबा ठेवायचा. वाटेवर त्याला तहान लागते आणि ते पाणी त्याला पोचतं, असं म्हणतात. मी साताऱ्याकडून लग्न होऊन मूळच्या तंजावरच्या, चेन्नईत राहणाऱ्या या मराठी घरात आले तेव्हा त्यांची भाषा ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. आमटीत गूळ घालावा की नाही यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. पण घड्याच्या बाबतीत दोन्ही घरांची रीत एकच निघाली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पाणी पोचतं की नाही यावर कोणाशीही वाद घालू शकले असते. त्या वर्षी मला वाद घालायचा नव्हता. मला घडा द्यायचा होता.

आणि नेमका तोच उन्हाळा कोरडा निघाला. शहराला पाणी देणारे तलाव आटले. टीव्हीवर त्यांचे तळ दिसायचे, भेगा पडलेले, मधून गुरं चाललेली. आपल्या तिरुवल्लिकेणीतल्या गल्लीत नळाला हवा यायची, फुसफुस आवाज करून थांबायची. इमारतीच्या टाकीत टँकरचं पाणी पडायचं, तेही वापरायचं, पिण्याचं नव्हे. स्वयंपाकघरातला फिल्टर त्या पाण्यापुढे हात टेकून बसला होता. पिण्यासाठी पाण्याचे मोठे कॅन विकत घ्यायचे, आणि कॅनवाला येईल तेव्हा येईल. कोपऱ्यावर सरकारी टँकर यायचा तिथे बायकांच्या प्लॅस्टिकच्या घागरी सकाळपासून रांगेत लावलेल्या असायच्या, हिरव्या, गुलाबी, पिवळ्या. घागरींची मालकीण नसली तरी घागरीची जागा कोणी घ्यायची नाही, असा नियम होता. बहुतेक वेळा पाळलाही जायचा.

माझ्या नणंदबाई, म्हणजे तुमच्या आत्याआजी, तेव्हाही माझ्याजवळच राहत होत्या. आजोबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. इस्पितळात कापूस त्यांनीही ओला केला होता.

"वैनी, अण्णाचा घडा अण्णाच्या विहिरीचाच पाहिजे," त्यांनी जाहीर केलं.

आपली इमारत बांधली तेव्हा जुन्या घराची विहीर आजोबांनी हट्टाने मागच्या कोपऱ्यात राखून ठेवली होती. त्यांच्या लहानपणी त्या विहिरीचं पाणी गोड होतं. समुद्र इतका जवळ असून गोड, याचा त्या दोघा भावंडांना फार अभिमान. पण गल्लीत जो तो खोल खोल बोअर मारत गेला, तसं विहिरीचं पाणी खाली गेलं आणि समुद्राचं आत आलं. बरीच वर्षं ते कोणी तोंडात घेतलं नव्हतं.

"वन्सं, ते पिण्यासारखं नाही आता," मी म्हटलं.

"घड्याचं पाणी कोण पितं? दान आहे ते. तुझं ते कॅनाचं पाणी कोठलं, कोणी भरलं, सांग की मला."

हे मला माहीत नव्हतं. कॅनावर डोंगर आणि धबधब्याचं चित्र होतं आणि डोंगर चेन्नईत नाहीत, एवढं मी सांगू शकत होते.

मी आमच्या गुरुजींना फोन केला. ते मला इकडच्या रीतीने मामी म्हणतात. घाईत होते.

"मामी, या वर्षी पळीभर पाणी घाला घड्यात, पुरे. सगळ्यांना तेच सांगतोय. भरलेले घडे स्कूटरवरून नेऊ कसे? वाटेत एक फुटला तर मागचा माणूस घसरून पडायचा."

"एरवी त्या पाण्याचं काय करता?"

"देवळातल्या तुळशीला घालतो."

"पीत नाही कोणी?"

"अहो मामी, कोणाच्या घरचं, कोणत्या टाकीतलं, काय भरवसा? कोण पिणार?"

मी फोन ठेवला. इतक्या वर्षांत मी माहेरी आणि सासरी किती घडे भरलेले पाहिले, पण त्यातलं पाणी पुढे कुठे जातं हे कधी मनातच आलं नव्हतं. सासऱ्यांचा, सासूबाईंचा, माझ्या आईचा. सगळे तुळशीला.

"कोणीतरी प्यायला हवं," मी म्हटलं.

"इंग्रजी शिकलेली सून," वन्सं छताकडे बघून म्हणाल्या. "हिला भटजीचा घडा चालेना. अगो, दिला म्हणजे दिला. पुढं भटजी पिवो नाहीतर तुळस पिवो."

"तुळस तहानलेली नव्हती, वन्सं. हे होते."

वन्सं शेंगा सोलत होत्या, त्या सोलत राहिल्या. थोड्या वेळाने उठल्या, खाली गेल्या आणि वॉचमनकडून विहिरीतून बादली काढवली. मी वरच्या खिडकीतून बघत होते. पाणी गढूळ पिवळं होतं. त्यांनी ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि मी ओरडून थांबवण्याआधी जिभेला लावलं. मग थुंकून टाकलं. बादली लगेच ओतली नाही. काठाला हात धरून बराच वेळ आत बघत उभ्या राहिल्या.

वर आल्यावर म्हणाल्या, "उप्पु. नुसतं मीठ." आणि मग, माझ्याकडे न बघता, "कॅनाचंच भर. पण उकळून भर."

आम्ही दोघींनी आपापल्या वाटणीचं थोडं थोडं पाणी बाजूला ठेवायला सुरुवात केली. उकळायचं, गाळायचं, झाकून ठेवायचं. दुपारच्या कॉफीवर वन्संनी स्वतःहून पाणी सोडलं, यावरून समजा. कुंभाराकडून मी लाल मातीचा घडा आणला आणि तृतीयेच्या सकाळी तो काठोकाठ भरला. वाळ्याचा वास घरभर पसरला. घड्यावर आंबा ठेवताना वन्संनी आंबा तीनदा फिरवून बघितला, कुठे डाग नाही ना. घडा दिल्याशिवाय वन्सं स्वतः पाण्याचा थेंबही घेणार नव्हत्या, आणि ऊन तर सकाळीच चढलं होतं.

आपल्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली इस्त्रीची हातगाडी असते, तुम्ही आलात की तिच्यावर चढता तीच. ती बाई कोळशाची इस्त्री फिरवत दिवसभर तिथे उभी असते. त्या मे महिन्यात तिच्याइतकी तहान आपल्या गल्लीत कोणालाच लागत नसेल, असा माझा हिशोब. तिच्या वस्तीतल्या नळाला गटाराचा वास येत होता आणि तिच्या नातीला कावीळ झाली होती, हेही मला ठाऊक होतं. वॉचमनने घडा खाली उतरवून दिला. मी तो तिच्यासमोर ठेवला आणि तमिळमध्ये सांगितलं, "हा तुझ्यासाठी. साहेबांच्या नावाचा. घरी घेऊन जा."

ती दोन पावलं मागे सरकली.

"नको अम्मा."

"अगं, चांगलं पाणी आहे. उकळलेलं."

"पाणी चांगलंच असेल. पण गेलेल्या माणसाचा घडा आहे ना हा? घरात पोर आजारी आहे. असं दान मी घरात कसं नेऊ? रागावू नका. साहेब देवमाणूस होते. पण नको."

दोघी मिळून तिथे घड्याकडे बघत उभ्या राहिलो. मला वाटलं होतं, पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. तिचं भय मला हसण्यासारखं वाटलं नाही, कारण पाणी गेलेल्या माणसाला पोचतं असं मानणारी मीच होते. त्या वाटेने पाणी जात असेल, तर दुसरं काही येतही असेल.

वरून वन्संचा आवाज आला, "काय म्हणतेय ती? घेत नाही?"

"घेत नाही," मी वर बघून म्हटलं.

"मग इथंच पी म्हणावं! प्यायला काय होतं? पिणं म्हणजे घेणं नव्हे!" आणि हे मी तमिळमध्ये सांगायच्या आत त्यांनीच सज्जातून तमिळमध्ये खणखणीत सांगितलं, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं.

बाई विचारात पडली. "इथे प्यायलं तर चालेल?" तिने मलाच विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. हे कोणत्या शास्त्रात आहे, मला माहीत नाही. त्या सकाळी ते आमच्या सज्जात ठरलं.

तिने इस्त्री बाजूला उभी केली, पदराला हात पुसले. मी पेला भरून दिला. तिने तो उंच धरला, मान मागे टाकली आणि वरून प्यायली. घशातून आवाज येत होता. हनुवटीवरून एक थेंबही सांडला नाही. पेला रिकामा झाला तसा तिने तो पुढे केला. मी पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी मी घाईने भरायला गेले आणि पाणी तिच्या पायावर सांडलं. ती म्हणाली, "सावकाश अम्मा, मी कुठे जात नाही."

वन्सं जिना उतरून खाली आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा उतरत नाहीत आणि त्या आठवड्यात ही दुसरी वेळ होती. श्वास लागला होता.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"गार आहे, पाटी," ती म्हणाली, पाटी म्हणजे आजी. "वाळा घातलाय ना? गोड आहे."

"गोड आहे?"

"गोड आहे पाटी."

वन्संनी मान फिरवली आणि कडुनिंबाकडे बघत डोळे पुसले. मग भाजीची गाडी घेऊन एकजण जात होता, त्याला धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारली, "ए तंबी, इकडे ये, पाणी पी!" तो कचरला, तशी, "फुकट आहे रे, विष नाही!" तो प्यायला. कुरिअरवाला प्यायला. कोपऱ्यावर टँकरची वाट बघणाऱ्या दोघी-तिघी आल्या. त्यांतल्या एकीने पेल्याला ओठ लावला, तेव्हा वन्सं "वरून पी गं" म्हणून तिच्यावर ओरडल्या आणि पेला विसळायला स्वतःच निघाल्या, मग विसळायलाही पाणी लागतं हे आठवून थांबल्या. बायका हसल्या. वन्संही हसल्या. त्या दिवसाआधी मी त्यांना शेवटचं कधी हसताना पाहिलं होतं, मला आठवत नव्हतं. आजोबा गेल्यानंतर तर नाहीच.

जेवणाच्या वेळेपर्यंत घड्याचा तळ लागला. वन्संनी तेव्हा वर येऊन पाणी घेतलं, सोफ्यावर बसून, दोन पेले.

दुपारी दाराची बेल वाजली. इस्त्रीवाली बाई होती. हातात रिकामी बाटली, ती पदराआड धरलेली.

"अम्मा, घड्यातलं नको. स्वयंपाकघरातलं उकळलेलं असेल तर एक बाटली द्याल? पोरीसाठी. डॉक्टर उकळून द्या म्हणतात, पण आमच्याकडे आधी पाणी तर यायला हवं."

कॅनात बोटभर पाणी उरलं होतं आणि कॅनवाल्याचा पत्ता नव्हता. मी वन्संकडे बघितलं. वन्सं आधीच ओट्याकडे निघाल्या होत्या.

"ते लहान भांडं नको घेऊ, वैनी," त्या म्हणाल्या. "कॅन उपडा कर. सगळं उकळ."