एकास बारा मापाचा ट्रक

हाती घेतलेलं काम न सोडणारा, माझ्या साडूभाऊंइतका चिकट माणूस अख्ख्या सावंतवाडीत नसेल, आणि इतका बिनचूकही नसेल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोस्टातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, मुलांकडे पुण्याला जाऊन कंटाळतात, निदान सकाळी तळ्याभोवती फेऱ्या तरी मारतात. यांनी ट्रक बांधायला घेतला. जेवणाच्या पाटावर मावेल एवढा, लाकडाचा आणि पत्र्याचा. माप एकास बारा, म्हणजे खऱ्या ट्रकात जे फूटभर ते इथे इंचभर. लाकडी खेळण्यांच्या गावात राहून ट्रक बांधायचा म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. शेजाऱ्यांनी कौतुकाने विचारलं, 'नातवाक आसा काय?' साडूभाऊ त्यांच्याशी पुढे कित्येक दिवस बोलले नाहीत.

हा नमुना होता त्यांच्या थोरल्या भावाच्या ट्रकाचा. त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो. पुढे लांब नाक, मागे लाकडी हौदा, असली जुनी गाडी. दादांनी उमेदीची सगळी वर्षं शिरोड्याचं मीठ भरून ती आंबोलीच्या घाटातून वर नेली. गाडी कधीच भंगारात गेली, आणि आता दादांची नजरही निघाली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, औषधाने थोडे दिवस टिकेल, पण जाणार. परतताना दादा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, 'माझी गाडी आजून एकदा बगूक गावली आसती तर बरा झाला आसता.' शेजारी साडूभाऊ बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली चहाची गाळणी नाहीशी झाली.

गाळणीची रेडिएटरची जाळी झाली. तेलाच्या डब्याचं बॉनेट झालं. भिंतीवरचं घड्याळ थांबलं आणि त्याची स्प्रिंग कापून मागच्या चाकांचे कमानपाटे झाले. रबरी चपलांचे टायर झाले, तेही नक्षीसकट कोरलेले. 'भावोजी,' ताई, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाली, 'घरातली वस्तू हरावली की मी आता कोणाक इचारणंय नाय. वाकान ट्रकात बगतंय.' दरवाजे उघडत होते, काच खाली होत होती. सीट उचलली की खाली जॅक आणि पाना. मी म्हटलं, सीटखालचं कोण बघणार? साडूभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'दादा बगतलो,' म्हणाले. मला भिंतीत साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. त्या ट्रकाचं स्टेअरिंग मी पहिल्यांदा दोन बोटांनी फिरवलं आणि पुढची चाकं हळूच वळली, तेव्हा देवळात हात जोडले जातात तसे माझे हात आपोआप जुळले.

पण असल्या बिनचूक माणसाला घराबाहेर घेऊन जाणं जड. एका लग्नाला आम्ही बेळगावकडे निघालो होतो. आंबोलीत चहाला थांबलो, तर टपरीच्या मागे त्याच जातीचा एक ट्रक वर्षानुवर्षं गंजत उभा. आम्ही भजी सांगेपर्यंत साडूभाऊ गायब. थोड्या वेळाने मागे गलका झाला. पर्यटकांची एक बस रिकामी होऊन त्या ट्रकाभोवती गोळा झाली होती. खालून पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले. एक बाई डोळ्यांना पदर लावून होत्या, कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता. गाडीला चाकं नाहीत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढ्यात पायांच्या वरच्या अंगाने आवाज आला, 'जरा बाजूक व्हा. उजेड येणा नाय.'

ट्रकाखाली पडून केलेल्या त्या मोजणीत कळलं की यांच्या छोट्या ट्रकाच्या चेसीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, रुंदी केसभर चुकली होती. घरी येऊन त्यांनी ट्रक पुरा उसवला. आम्ही सगळ्यांनी डोक्याला हात लावला. दादांना समोरचं माणूस आता आवाजावरून ओळखावं लागत होतं, आणि हे केसभर चुकीसाठी महिने घालवत होते. मी रागावलोच. 'एवढ्याने काय बिघडतं?' 'मगे तो दादाचो ट्रक कसो?' त्यांनी शांतपणे विचारलं.

शेवटी राहिला रंग. शिरोड्याच्या किनाऱ्यावर होड्या रंगवून उरलेले डबे एकत्र ओतून दादांनी आपली गाडी रंगवली होती. तसला रंग कुठल्या दुकानात मिळणार? फोटो होता तो काळा-पांढरा. म्हणजे तो रंग आता फक्त दादांच्या आठवणीत. साडूभाऊ पत्र्याच्या पट्टीवर एक रंग कालवून लावायचे आणि दादांकडे घेऊन जायचे. दादा ती पट्टी उजेडात डोळ्यांजवळ धरायचे. 'ह्यो नाय. निळो जास्त झालो.' पुन्हा नवी पट्टी. 'ह्योव नाय.' मग एके दिवशी दादा म्हणाले, 'ह्योच.' साडूभाऊ जवळजवळ धावत घरी आले. पण माणूस चिकट. खात्री करायला दुसऱ्या दिवशी मुद्दाम साफ निराळी पट्टी घेऊन गेले. दादांनी तीही डोळ्यांजवळ धरली आणि हसून म्हणाले, 'ह्योच.'

साडूभाऊ त्या दिवशी घरी आले आणि रंगाचे डबे त्यांनी बंद केले. ताईने समजावलं, मी समजावलं, कुठलाही निळा-हिरवा लावा, आता कोणाला कळणार आहे? त्यांनी कोणाचंच ऐकलं नाही.

थोड्या दिवसांनी तो ट्रक तसाच, कोऱ्या पत्र्याचा, घेऊन आम्ही दोघे दादांकडे गेलो. दादांनी तो मांडीवर घेतला. बोटं नाकावरून जाळीवर गेली, दरवाजा उघडून आत शिरली. स्टेअरिंग दोन बोटांत धरून ते पुटपुटले, 'हयसर पयलो गिअर घालूक व्हयो,' आणि घाटाचं एक वळण त्यांनी खरोखर काढलं. मग त्यांनी विचारलं, 'रंग दिलंस मा रे?'

केसभर चुकीसाठी ट्रक उसवणारे माझे साडूभाऊ. 'दिलंय,' म्हणाले.

'तोच?'

'तोच.'

दादांनी बॉनेटवरून तळहात फिरवला, खूप वेळ फिरवला. 'बरो बसलो हा,' म्हणाले. आयुष्यभर गाडीवर हात फिरवलेल्या माणसाला कोरा पत्रा हाताला कळला नसेल, यावर माझा विश्वास नाही. साडूभाऊंचाही नसावा.

ट्रक आता दादांच्या खाटेशेजारी असतो, बिनरंगाचाच. कोणी नवखा भेटायला आला की दादा त्याचा हात धरून बॉनेटवर ठेवतात आणि म्हणतात, 'रंग बग. होडयेचो आसा. माझ्या भावान जुळवल्यान.'