ताणणारा दोर आणायला: कोळवण ते पुणे, नानांसोबत

चढाईचा दोर आणायला जायचं असेल तर एकटं जा. बरोबर चुलता नेऊ नका. न्यायचाच असेल तर आधी एवढं बघा, की त्याच्या म्हशीचं दोराशी कधी वाकडं आलेलं न्हाई. आमच्या नानांच्या म्हशीचं आलं होतं.

झालं असं. आमच्या वाडीमागं कडा हाय. रविवारी शहरातली माणसं तितं चढायला येतात. त्यातल्या प्राजक्ताताईनं मला शिकवलं. आजपर्यंत मी वरून सोडलेल्या दोरावर चढायचे. हात सुटला तर जागच्या जागी लटकायचं, बास. आता ताई म्हणाली, "सायली, या रविवारी तू पुढं चढायचं." म्हणजे दोर खालूनच कमरेला बांधून न्यायचा आणि कातळात ठोकलेल्या बोल्टांत अडकवत वर जायचं. त्यात पडलं की खरंच पडतो आपण. शेवटच्या बोल्टच्या वर जेवढं, तेवढंच खाली.

"पण माझा दोर म्हातारा झालाय," ताई म्हणाली. "नवा तू घे, तुझाच. पडणारी तू, तर निवडणारी पण तूच."

म्हातारा दोर तिनं आमच्या घरी दिला. चढू नका, बाकी कशालाबी वापरा. नानांनी त्याला म्हस बांधली. शेजारच्या शांताकाकूची मेथी दोन पावलं लांब राहील असा मापून खुंटा ठोकला. संध्याकाळी बघतात तर म्हस मेथीत. खुंटा जागेवर, गाठ जागेवर, दोर नुसता ताणलेला. शांताकाकू बांधावर उभी राहून जे बोलली ते मी हितं लिहीत न्हाई. तवापासून नाना त्या दोराला 'नाटक्या' म्हणतात.

आता मला नाना कशाला लागतात? माझी शाळा नववीत सुटली, फार्महाऊसच्या पाहुण्यांना भाकऱ्या थापून दोरापुरते पैसे मी साठवले होते. पण मला अनोळखी माणसापुढं बोलता येत न्हाई. दुकानात "साबण द्या" म्हणायच्या आधी मी दोन गिऱ्हाइकं पुढं सोडते. म्हणून आई म्हणाली, नानांना ने, ते बोलतील.

ते बोलले.

गुरुवारी सकाळच्या जीपनं पौड, तितनं पुण्याची बस. भूगावला गाड्या तुंबतात, तेव्हा उन्हाच्या बाजूची खिडकी धरू नका. पिरंगुटला वडापाव वीस रुपये, मिरची मागितली तर देतात. नानांनी मागितली, आणि मग चांदणी चौकापर्यंत ते एक शब्द बोलले न्हाईत. अख्ख्या प्रवासातला तेवढाच शांत टप्पा.

दुकान एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर रंगीबेरंगी दोर टांगलेले. कॉलेजची दोन पोरं बूट घालून बघत होती. दुकानदार चष्म्यातला दादा, आवाज एकदम मऊ.

नाना आत शिरले ते विचारतच. "दोर काय किलो?"

"किलोवर नाही काका. नगावर."

दादानं दोन मांडले. दोन्ही साठ मीटर. एक बारीक, सव्वानऊ मिलीमीटरचा, सतरा हजार. दुसरा जाड, दहाच्या वरचा, साडेअकरा हजार. नानांनी दोन्ही हातांत धरून तराजू केला.

"म्हंजी माल कमी त्याला पैसं जास्त?"

"हलका आहे ना काका तो."

"मग कायच देऊ नका. लई हलका हुईल. त्याचं किती घेता?"

बूटवाली पोरं हसली. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर पण दोरच होते.

मग नानांना कोपऱ्यातलं रीळ दिसलं. पांढरा दोर, मीटरला नव्वद रुपये. दादा म्हणाला, "हा ताणत नाही. दोरावरून खाली उतरायला, सामान ओढायला चांगला."

"ताणत न्हाई?" नानांचा चेहराच उजळला. "ह्योच द्या!" आणि त्यांनी सगळ्या दुकानाला म्हस, मेथी आणि शांताकाकू सांगितली, हावभावासकट. पोरं एक पाय बुटात, एक पाय बाहेर, तशीच ऐकत बसली.

"पण तुम्हाला नक्की कशाला हवाय?" दादानं मला विचारलं.

"तिला काय विचारता, ती बोलत न्हाई. चढायला, उतरायला, सगळ्याला. कापा."

नानांनी दोराचं टोक धरलं आणि हात पसरून वाव मोजायला लागले. दादानं कापायचं हत्यार उचललं. कापलेला माल परत घेत न्हाईत, तशी पाटीच होती. आणि रविवारी त्याच दोरावर मी पडणार होते. पुढं सोडायला दोराचं दुसरं गिऱ्हाईक पण नव्हतं.

"नाना," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक आला की मलाच दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "नाना! म्हशीला ताण नको. मला पाहिजे."

"का?"

"म्हस पडत न्हाई. मी पडणार हाय."

मग मी एका दमात सांगून टाकलं, की न ताणणाऱ्या दोरावर पडलं तर सगळा हिसका कमरेत बसतो. ताणणारा दोर हिसका खातो, माणूस हळू थांबतो.

नानांनी टोक खाली ठेवलं. "पडणारच हायस तर चढतीस कशाला?"

दादानं हत्यार बाजूला ठेवलं आणि या वेळी मलाच नीट विचारलं: कडा किती उंच, कातळ कसा, चालायचं किती. बोलायला विषय माहितीचा असला की एवढं अवघड न्हाई जात, हे मला त्या दिवशी कळलं. कडा पंचवीस मीटर, दोर वर जाऊन परत खाली यायला पाहिजे, म्हणून साठ. कातळ आमचा टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत, बारीक दोराचं साल लवकर सोलून काढील. आणि घरापासून चालायचं फक्त अर्धा तास. मग अर्धा किलो वजन वाचवायला साडेपाच हजार कशाला? मी जाड घेतला. तुमी दिवसभर डोंगर तुडवून मग चढणार असाल तर हिशेब वेगळा, तेव्हा बारीकच बघा.

"आता वर हातभर द्या," नाना म्हणाले.

"काका, हा कंपनीतूनच मापात येतो."

"आमच्या बाजारात दावं घेतलं तरी वर हातभर देत्यात. रीत हाय."

दादानं हातभर न्हाई, एक स्टिकर दिला. नानांनी तो घरी येऊन दुधाच्या किटलीला लावला.

येताना पौडला जीपमध्ये अजून एक घोळ. कुणाची तरी गादी टपावर बांधायची होती. ड्रायव्हर म्हणाला, "नाना, पिशवीत दोर दिसतोय की." आता आमच्याकडं दोर असून न्हाई म्हणणं म्हणजे पाणी असून न्हाई म्हणण्यासारखं. नाना पिशवीची गाठ सोडायला लागले. टपाची धार, ग्रीस, गंज, सगळं माझ्या डोळ्यापुढं आलं.

"हात लावू नका!"

हे मी म्हणाले. ओरडले म्हणा. पाटीवाली एक मावशी दचकून बाजूच्या बाईला म्हणाली, "अगं बया, ही मुकी न्हाई व्हय?" शेवटी गादी नानांचा टॉवेल आणि ड्रायव्हरचा पट्टा जोडून बांधली. कोळवणला ड्रायव्हर उतरला तो एका हातानं पँट धरून. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई, मी पण न्हाई.

रविवारी नाना कड्याखाली हजर. मला बघायला न्हाई, "दोर बघायला". खाली ताईनं दोर धरला, मी चढले. तिसरा बोल्ट मागं टाकला आणि चौथ्याला हात पोचायच्या आधी डावा पाय सटकला. ओरडायला पण वेळ न्हाई. पोट वर राहिलं, मी खाली आले, आणि मग दोरानं मला धरलं. हिसका न्हाई बसला. गाईनं जिभेनं वासरू ओढावं तसं वाटलं. अजून थोडी खाली गेले, थोडी वर आले, थांबले.

खाली नाना डोक्याला दोन्ही हात लावून उभे. मी वरून म्हणाले, "नाना, बरी हाय मी."

मग त्यांनी दोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत दोराकडं.

"सायले! त्यानं वर हातभर दिलंच की गं!"

मला एवढं हसू आलं की कातळ धरता येईना. ताई म्हणाली आधी हसून घे. घेतलं. मग वर गेले, शेवटच्या बोल्टपर्यंत.

आता दोर घरात खुंटीवर असतो. म्हशीला नवं दावं आणलंय, किलोवर. बाकी सगळं तेच हाय, साबण मागायला मी अजूनबी एक गिऱ्हाईक पुढं सोडते. आधी दोन सोडायचे. परवा आईला गोधड्या वाळत घालायला दोरी कमी पडली, तिनं खुंटीकडं हात नेला. मी उठायच्या आत गोठ्यातनं नानांचा आवाज आला:

"वयनी, हात लावू नका! त्यो पोरीचा पडायचा दोर हाय!"