दर्याकडचा स्क्रू

दोन कार्बोरेटरवाली बाईक कधी ट्यून केलीय? मी केलीय! बारावीच्या सुट्टीत, मालवणात, आणि तीही चुकून उलटी.

बाईक बाबांच्या तरुणपणातली, दोन सिलिंडरची. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी वाघीण, नाहीतर खोकणारी म्हातारी. आमची खोकायची. बाबांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "आयतवारी माका आचऱ्याक नेऊन दाखव. चढणीर बंद पडली तर सोमवारी भंगारात."

म्हणून शनिवारी मी होडीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना पकडून आणलं. त्यांनी कार्बोरेटर इंजिनाला जोडणारे चिरलेले रबर बदलले, मग पेट्रोलच्या नळीचा एक तुकडा घेतला. एक टोक माझ्या कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी.

"ऐक गो. काय येता?"

"सुसू!"

"आता दुसरो."

"हळू सुसू."

"दोघांची सुसू सारखी होवक व्हयी. उद्या गाडी जरा फिरव, तापली की दर्याकडचो इस्क्रू अर्धो फेरो सैल कर. बास." आणि ते जेटीवर निघून गेले.

किती सोपं! रविवारी सकाळी चक्कर मारून आले, गाडी फणसाच्या सावलीत लावली, दर्याकडचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि गाडी फट् करून बंद! परत किक, परत फट्. घामाघूम झाले. बाबा ओटीवरून पेपराआडून नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये भंगारवाल्याचा अख्खा टेम्पो होता!

सायकल हाणत जेटी गाठली. "मेस्त्रीनू, तुम्ही सांगितलात तसाच केलंय!"

"काल गाडीचा त्वांड खंय होता?"

"देवळाकडे."

"आज?"

"...घराकडे. सावलीत लावली ना."

मेस्त्री जाळ्यावर बसून हसायला लागले. "गाडी फिरवलंस गो, पण दर्या खंय फिरवलंस?"

अरे देवा! काल दर्याकडे होता तो डावा, आज दर्याकडे आला उजवा! स्क्रू सैल केला की हवा कमी, म्हणजे आधीच हळू ओढणाऱ्याचा मी गळाच आवळला होता.

घरी येऊन उजवा होता तसा केला, डावा अर्धा फेरा सैल. नळी कानाला. सुसू. सुसू. सारखी!! मी अंगणात नाचलेच.

संध्याकाळी बाबा मागे बसले. आचऱ्याच्या वाटेवरची ती चढण आली, मी श्वास रोखला, आणि गाडी वर गेली, न खोकता, न थांबता. वर पोचल्यावर बाबांनी खांद्यावर थाप मारली.

"थांबव."

थांबवली.

"उतर गो," बाबा म्हणाले, "आता मी चालवतंय. तू मागे बस."