तांबट आळीतल्या खुणा

तांबट आळीतल्या एका कारागिराची धाकटी मुलगी जन्मापासून बहिरी. बायको गेल्यावर तिला सांभाळणारं कोणी नव्हतं, म्हणून ते तिला दुकानातच घेऊन बसत. दोन शाळांनी तिला परत पाठवलं होतं.

नाशकातल्या त्या आळीत दिवसभर हातोड्यांचा असा ठणठणाट, की माणसं बोलतात ती हातांनीच. 'पाणी दे', 'जेवायला चल', 'गिऱ्हाईक चिकट आहे', सगळं खुणांनी. गिऱ्हाइकाची अशी थट्टा करून तिचे वडील गंभीर चेहऱ्याने त्याच्यापुढे हंडा सरकवत. पोरगी खुदकन हसे.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए., मुलींच्या शाळेत मास्तर. तिला घेऊन ते आले तेव्हा मी म्हणालो, "हिला ऐकू येत नाही. शिकवू कसं?"

"मास्तर, आमच्या आळीत कोणाला ऐकू येतं? काम अडतं का आमचं?"

मुख्याध्यापकांनी तिला वर्गात बसवून बघायला दिवाळीपर्यंत मुदत दिली. मग तिचे वडील रोज भट्टी तासभर उशिरा पेटवू लागले आणि वर्गात येऊन मुलींना, मलाही, खुणा शिकवू लागले. धड्यातल्या एखाद्या शब्दाला खूण नसली, तर बापलेक मिळून नवी करत. माझी बोटं अडखळली की म्हणत, "कॉलेजात हे राहिलं वाटतं."

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांनी प्रश्न विचारले. मुलींनी ते तिला हातांनी सांगितले आणि तिने उत्तरं पाटीवर लिहिली. त्याच दिवशी तिचं नाव हजेरीपटावर चढलं.

यंदा ती चौथी पास झाली.