पायलला बघायला आलेली माणसं

आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कुणी नुसतं "तो पोह्यांचा ट्रे आठवतोय का?" म्हणालं, की तासाभराची निश्चिंती. अलिबागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आम्ही चौघं बसतो आणि ज्या मुलांना कुणी नाही त्यांना घर शोधतो. असल्या कामात रडायला सवड नसते, म्हणून हसायचे प्रसंगच साठत जातात. त्यातले निम्मे तरी एकट्या पायलचे आहेत.

पायल चौदा वर्षांची. नागावच्या सुमनकाकूंकडे ती फॉस्टर केअरमध्ये होती, म्हणजे सांभाळायला दिलेली, दत्तक नव्हे. काकूंचा छोटा होमस्टे, मागे नारळाची वाडी आणि त्या एकट्या. त्यांनीच तिला दत्तक घेतलं असतं, पण त्यांच्या वयाची अट आड आली. आणि मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की दत्तकाचा रस्ता बंद, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हवं असतं पाळण्यातलं बाळ! तिचा वाढदिवस जवळ आला की मला जेवण जायचं नाही.

*

पहिलं जोडपं मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरलं. आम्ही त्यांना घेऊन नागावला पोचतो तर पायल काकूंच्या जरीच्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा, हातात पोह्यांचा ट्रे! काकू मागून सांगतायत, "मासळी साफ करते, भाकऱ्या थापते, कशात कमी न्हाय."

मुंबईच्या बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "अहो, आम्हाला सून नकोय."

आमचे साहेब, गुरव सर, काकूंवर वैतागले. काकू म्हणाल्या, "मुलगी पसंत करायला मानसं यायची, मंग तिला कशी बसवायची? मला एकच पद्धत म्हायतीय."

साडीत अवघडलेल्या पायलला मी विचारलं, "तू तरी नाही म्हणायचंस ना?" ती म्हणाली, "चालेल की." हा तिचा ठरलेला शब्द.

*

दुसरं जोडपं पनवेलचं. जाताना म्हणाले, "गुणी आहे, पण आम्हाला जरा हसरी हवी होती." हे पायलच्या कानावर गेलं, आणि ती होमस्टेच्या पाहुण्यांसमोर हसायची प्रॅक्टिस करायला लागली.

तिसरं जोडपं आलं तेव्हा ती पूर्ण वेळ हसत होती. त्यातले गृहस्थ आपल्या आईचं शेवटचं आजारपण सांगत होते, डोळे भरून आले होते त्यांचे. पायल हसतेच आहे! मी टेबलाखालून तिचा पाय दाबला, तर तिने आणखी दात दाखवले.

त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

*

एकदा ती ऑफिसात आली असताना सरांनी स्वतः चहा केला. हे वर्षातून एकदा घडतं, आणि का ते त्या दिवशी कळलं. त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. पायलने कप रिकामा करून खाली ठेवला आणि म्हणाली, "छान झालाय, सर."

मग सरांनी आपला घोट घेतला आणि बेसिनकडे पळाले. आम्ही पोट धरून हसलो. सर परत आले ते मात्र हसत नव्हते. "ही पोरगी काहीही गिळेल," ते म्हणाले, "फक्त कुणी परत पाठवू नये म्हणून."

काकूंचंही तेच दुखणं. "माझी भाची हिच्या वयात ताटं भिरकावायची. ही एवढ्या वर्षांत उलट बोलली न्हाय. मला भ्या वाटतं."

*

मग म्हसळ्याहून वर्षाताई आल्या, नवऱ्याला घेऊन. त्यांचं शिवणकामाचं दुकान, विलासरावांची रिक्षा. काकूंनी या वेळी पोहे केले नव्हते, आणि त्यामुळे त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं.

पायलने पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं. "मी चुकले तर परत पाठवता येतं?"

सर छताकडे बघायला लागले. वर्षाताईंनी विलासरावांकडे बोट दाखवलं. "ह्यांना लग्न झाल्यापासून परत पाठवायला बघते. जात न्हाईत."

पायल हसली. प्रॅक्टिसचं हसू नव्हतं ते.

*

ती म्हसळ्याला राहायला गेली, पण दत्तकाची शेवटची सरकारी ऑर्डर अजून व्हायची होती. एवढ्यात वर्षाताईंच्या शेजारणीचा फोन. "मॅडम, तुमची पोरगी हल्ली रोज आरडाओरडा करते. आज डबा फेकला."

मी आणि सर जीपमध्ये बसलो. वाटेत नागावला काकूही चढल्या, मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा. "तिची खाट तशीच ठेवलीय मी," एवढंच बोलल्या.

घराबाहेरूनच आवाज आला. "मला भेंडी आवडत नाही! कधीच आवडली नाही!"

"मंग इतके दिवस छान हाय, छान हाय कोन म्हनत व्हतं?" हा वर्षाताईंचा.

मी दार वाजवलं. पायलने उघडलं. केस मोकळे, चेहरा लालबुंद. तिने आम्हा तिघांना एकदा बघितलं.

"मॅडम, जरा थांबा. आमचं भांडण चाललंय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आम्ही ओट्यावर बसलो. काकूंनी डबा उघडला आणि पहिली वडी सरांच्या हातावर ठेवली.