सहाव्या दिवसाची हरकत

कोणताही बदल सुचवला की सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास माझा हात आपोआप लॅपटॉपकडे जातो. काही येणार नसतं. तरी मी बघते. पूर्वी तिथे दोन ओळी यायच्या. "हरकत आहे. बटण आहे तिथे राहू द्यावे."

नीट सांगते. मराठी पुस्तकं ऐकायचं एक ॲप आहे. कुठल्या कंपनीचं नाही. आम्ही दहा-बारा जण नोकऱ्या सांभाळून, आपापल्या घरी बसून ते फुकट बनवतो. कोड सगळ्यांना उघडा आहे. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही, टोपणनावांवरच ओळख. नियम एक. बदल सुचवायचा आणि सात दिवस थांबायचं. एकानेही हरकत घेतली तर बदल अडतो, कोणीच काही बोललं नाही तर मंजूर.

आमचं वाजलं ते एका बटणावरून. स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक भलंमोठं पिवळं बटण होतं, 'मागे'. दाबलं की ऐकलेली शेवटची दोन-तीन वाक्यं पुन्हा ऐकू येत. इतकं बेढब बटण मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. स्क्रीन बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे ते मेलं पिवळं दिसलं की माझं डोकंच फिरायचं. दोन बोटं डावीकडे सरकवली की मागे जाईल, बटण हवंय कशाला? मी बदल सुचवला. सहाव्या दिवशी आमच्यातल्याच एकाची हरकत. कारण विचारलं तर उत्तर नाही. दोन महिन्यांनी रंग, आकार बदलून पुन्हा सुचवला, पुन्हा सहाव्या दिवशी त्याच दोन ओळी. असं चार वेळा झालं. त्या शुद्ध भाषेवरून स्वारी पुण्याची असणार, असं मी ठरवून टाकलं आणि घरात त्यांना 'हरकतवाले' म्हणायला लागले.

चौथ्या वेळी माझा तोल गेला. सगळ्यांसमोर लिहिलं, "एका माणसाच्या सवयीसाठी स्क्रीनचा कोपरा कायमचा अडवून ठेवता येत नाही." बाकीच्यांनी त्यावर पसंतीचे अंगठे टाकले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूपच बरं वाटलं.

पाचव्या वेळी सहावा दिवस आला आणि गेला. हरकत नाही. सातवाही गेला. दमले बहुतेक, असं मला वाटलं. आठव्या दिवशी सकाळी मी बदल आत घेतला, दुपारी नवी आवृत्ती बाहेर काढली, ती सगळ्यांच्या फोनमध्ये आपोआप जाते, आणि नवऱ्याला येताना मिसळ आणायला सांगितली.

साधारण दोन आठवड्यांनी आमच्या सामायिक पत्त्यावर एक ईमेल आला. लिहिणारी कोणी शेजारीण होती, सांगणारी एक म्हातारी बाई. तिचे मिस्टर तुमच्यात काम करायचे, असं म्हणून टोपणनाव दिलं होतं, हरकतवाल्यांचं. ते वारले. "त्यांनी मला शिकवलेलं बटण फोनमधून गेलं आहे, कृपया कोणी सांगेल का ते कुठे गेलं?" खाली पत्ता होता. पनवेल, वडाळे तळ्याच्या मागे.

मी राहते नवीन पनवेलला. रिक्षाने पंधरा मिनिटं.

दोन दिवस मी नुसती तो पत्ता वाचत राहिले. मग गेले. जुनी दोन मजली चाळ, वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली. घर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबाचं. दाराच्या उजव्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला छोटी तिरकी डबी, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेला त्यांचा मेझुझा. दार उघडायला त्या स्वतः आल्या. नऊवारी नाही, साधी पाचवारी सुती साडी, डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मला आत घेताना त्यांचा हात चौकटीकडे गेला, बोटं अचूक डबीवर टेकली आणि मग ओठांवर. चाचपडणं नाही की काही नाही.

मी म्हटलं, मी त्या कामातली आहे. त्यांनी चहा ठेवायला शेजारणीला हाक मारली. मुलगा तिकडे इस्रायलला, तो येऊन गेला. मिस्टर बँकेतून निवृत्त झाल्यावर हे कॉम्प्युटरचं शिकले, कारण बाईंना वाचनाचं वेड आणि डोळे चाललेले. स्क्रीनवरचं सगळं भराभर बोलून दाखवणाऱ्या फोनची घाई त्यांना जमेना. म्हणून मिस्टरांनी आमचंच ॲप फोनमध्ये बसवलं, फोन उघडला की तेच उघडेल असं केलं आणि बाईंचा अंगठा धरून शिकवलं. कुठेही टिचकी मारली की वाचणं सुरू, पुन्हा मारली की बंद, आणि फोनचा खालचा डावा कोपरा म्हणजे मागे. पुस्तकं संपली तेव्हा ते स्वतःच्या आवाजात वाचून त्यात भरायला लागले.

मी विचारलं, सगळ्यांना सांगितलं का नाही त्यांनी, की बटण तुमच्यासाठी हवंय म्हणून? मला खरंच राग आला होता. एक ओळ लिहिली असती तर मी तेव्हाच कान पकडले असते.

"अगं, दहा लोकांच्या कामात घरच्यासाठी कसं मागायचं?" त्या म्हणाल्या. "सहा दिवस थांबायचे. दुसरं कोणी बोललं तर बरं, म्हणायचे. नाहीच बोललं कोणी, की मग लिहायचे."

मग त्यांनी ते गेल्याचं सांगितलं. एका सकाळी छातीत दुखलं, दुपारपर्यंत संपलं. दुसऱ्या दिवशी माती दिली. मग सात दिवस घरात जमिनीवर बसून होते सगळे, त्यांच्यात तसं बसतात. तेवढे दिवस फोनला हात लावला नाही. लावला, तेव्हा बटण नव्हतं.

मी मनातल्या मनात तारखा जुळवल्या. त्या जमिनीवर बसल्या होत्या ते सात दिवस आणि मी मोजत होते ते सात दिवस, एकच. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी टिचकी मारली आणि ते बोलायला लागले. घोगरा, सावकाश आवाज. मागे रिक्षाचा भोंगा. ते खोकले आणि म्हणाले, थांब हां, हे पुन्हा वाचतो. त्या दिवसापासून त्यांच्या हरकतींच्या जुन्या ओळी मी वाचू शकत नाही. त्या मला ऐकू येतात.

"कोणीतरी मुलगा भांडायचा ह्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, हट्टी आहे, पण काम चोख करतो. ऐकेल शेवटी."

टोपणनावावरून त्यांनी मला मुलगा धरलं होतं. तो मुलगा मीच, हे सांगायला हवं होतं. भ्याले, दुसरं काय. आठवड्यात बटण परत येईल असं सांगून उठले.

घरी येऊन मी बटण परत ठेवायचा बदल सुचवला. कारणही लिहिलं, पण नावगाव न घेता, कारण त्यांनी जे मागितलं नव्हतं ते त्यांच्या माघारी कसं चव्हाट्यावर मांडायचं? काही वयस्कर लोकांना ते लागतं, एवढंच. सहाव्या दिवशी हरकत आली. एका नव्या मुलीने घेतली होती, फार अदबीने. तिने माझंच वाक्य जसंच्या तसं खाली चिकटवलं होतं. एका माणसाच्या सवयीसाठी स्क्रीनचा कोपरा. खाली अंगठेच अंगठे. मी लिहीत गेले, समजावत गेले आणि शेवटी हातून लिहून गेलं, बटण होते तिथे राहू द्यावे.

बदल अडला. मग मी ॲपची वेगळी प्रत काढली, पिवळ्या बटणाची, जगात एकाच फोनसाठी. ती घेऊन पुन्हा तळ्यामागे गेले. बसवली. फोन बाईंच्या हातात दिला. अंगठा थेट कोपऱ्यात गेला. त्यांनी दाबलं, मिस्टर मागे गेले आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. बाईंनी पुन्हा दाबलं. किती तरी वेळ त्या एकच वाक्य ऐकत होत्या. मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाल्या, "ऐकलं ना त्याने?"

"हो काकू," मी म्हटलं. "ऐकलं."

"मग त्याला घेऊन ये एकदा चहाला. ह्यांना भेटायचं होतं त्याला."

आता प्रत्येक नवी आवृत्ती निघाली की मी ती प्रत नव्याने बांधते आणि तिकडे जाते. तसं फोनवरूनही पाठवता येईल, पण जाते. त्या दार उघडतात, हात डबीवर टेकवतात, माझ्या मागे आणखी पावलं वाजतात का ते ऐकतात. मग विचारतात, आज पण नाही आणलंस त्याला? दर वेळी ठरवून गेलेली असते, आज सांगायचंच. आणि दर वेळी मी म्हणते, पुढच्या वेळी आणते.